टाकीचा उपास

विडी घरकुलातल्या खानावळीमागं
काळी टाकी बसलीय पोट फुगवून.
राजमणीअक्का तिला रोज भरवते
कडक भाकरीचे तुकडे, आमटीचा तळ,
ताटात टाकलेला भात पाण्यात कालवून.

परवा कार्यालयातून दोन पिंपं आली,
जिलेबी, मठ्ठा, पिळलेली लिंबं.
अक्का म्हणाली, खाऊ दे, लग्नाचं आहे.
तिसऱ्या दिवशी टाकी आंबली.
झाकण खाली बसलं.
काडीवर काडी ओढली,
शेगडी नुसती फुसफुसली.

मग अक्कानं उपास धरला, टाकीचा.
चुन्याची निवळी, थोडं ओलं शेण,
आणि रोज संध्याकाळी
झाकणावर तळहात ठेवून बसणं.
काय बघतेस, मी विचारलं.
ऐकते, म्हणाली.
मागांच्या खडखडाटात कान गेले,
हात शाबूत आहेत.

नवव्या दिवशी झाकण चार बोटं वर.
ज्योत निळी, इतकी फिकी
की सोलापूरच्या उन्हात दिसेचना;
तवा तापला तेव्हा कळलं.

पहिली भाकरी तिनं मला वाढली.
मी कडा सोडून खाल्ली.
तिनं ते हिशेबात धरलंच होतं:
बादली आधीच माझ्या ताटाशी होती.