सहा फूट

ग्वेंडा आली ती स्वतःचा वजनकाटा घेऊन.
माझा काटा खोटं बोलतो, असं लेस तिला सांगायचा म्हणे.
लेस आधी माझा नवरा, मग तिचा,
मार्चपासून दोघींचाही नाही.
सवती म्हणावं तर आमचे संसार एका वेळचे नव्हते.

नकाशाच्या चार कोपऱ्यांवर ठेवलं
मीठ, मोहरीची बाटली, तिचा चष्मा, माझ्या किल्ल्या.
कटूम्बा ते जेनोलन. पंचेचाळीस किलोमीटर, दोन रात्री.
जुनी घोडवाट, रुंदी ठरवून आखलेली :
समोरासमोर आलेली दोन लादलेली घोडी
एकमेकांना न घासता जावीत, इतकी.
"आपल्याला कुठे कुणी आखून दिली,"
ग्वेंडा म्हणाली, आणि ओट्सची पिशवी काट्यावर ठेवली.
चारशे दहा.

फुटांनी मोजायच्या कितीतरी आधी
गुंडुंगुरा लोकांची पावलं त्या दरीत होती.
शाळेत हे आम्हा दोघींनाही कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस : घळीतल्या ओल्या पायऱ्या, गुडघे जपून.
नदी चढलेली असली तर झुलता पूल,
एका वेळी एकच माणूस.
"आधी तू," ती म्हणाली, "तू आधी होतीस."
थट्टा होती की काय, कळलं नाही.
मी पेन्सिलीनं लिहिलं : पुलावर आधी आयल्सा.

दुसरा दिवस नुसता चढ. त्याबद्दल बोललो नाही.
टाकीत पाणी असेल, नसेल. गोळ्या घ्यायच्या.
टूथब्रशांच्या दांड्या मी निम्म्या कापल्या.
जळवांसाठी तिनं मीठ पुडीत बांधलं,
तसा नकाशाचा तो कोपरा गुंडाळला गेला.
तंबू एकच न्यायचा, हे वजनानं ठरवलं.
आम्ही नाही.

मग तिनं पिशवीतून त्याची किटली काढली,
काजळलेली, कडी वाकलेली.
"तू फेकून मारली होतीस ना?"
"भिंतीला लागली."
"थोडक्यात हुकली," ती म्हणाली. "सांगताना हसायचा तो."

सहाशे चाळीस ग्रॅम.
"जड आहे," मी म्हणाले.
"आहेच."
काटा जरा थरथरला, मग थांबला.

यादीत लिहिलं : किटली.
कोण नेणार, ती जागा कोरी ठेवली.
नदीपर्यंत ती, चढावर मी,
वाटेत ठरेल काहीतरी.

चहा प्यायलो. दिवा लावला.
परतीच्या बसचं कुणीच पाहिलं नव्हतं.