दात्री क्रमांक ४१

कॅलमझूच्या प्रयोगशाळेत पहाटे
मी तुझं गोठलेलं दूध वितळवते.
बाटलीवर तुझ्याच हातची चिठ्ठी:
रात्री ३.१०, डावी बाजू. रडून झोपला.
शेवटचे दोन शब्द कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

बरंच जमलंय आम्हाला.
स्निग्धाचे थेंब जवळपास तुझ्याएवढे टपोरे;
आणि ती साखरही, जी बाळाला पचतच नाही,
जी तू त्याच्या पोटातल्या जंतूंसाठी
चित्राहुतीसारखी
पानाबाहेर वाढून ठेवतेस.

पण तुझं दुपारचं दूध रात्रीच्यासारखं नसतं.
डब्याला कुठली रात्र?
"सरासरी काढू," वेंडेल म्हणतो.
त्याच्या जुळ्या मुली डब्यावरच वाढल्या,
काल एकीने त्याला बुद्धिबळात हरवलं.

मला आलंच नाही.
तीन आठवडे यंत्र लावून चमचाभर.
मग बर्फातून, रात्री एक वाजता,
चोवीस तास उघड्या दुकानात,
कोटाच्या आत शर्वरी,
आणि डब्यामागची बारीक अक्षरं
दोनदा, तीनदा वाचणारी मी.

आज नमुना सतरा.
सवयीने थेंब मनगटावर, मग जिभेवर.
गोड आहे. मागाहून लोखंड लागतं.

वेंडेल, अजून नाही.