नाकासमोर

ओटिली कुचेराच्या पुस्तकाचं
सत्तेचाळिसावं पान अडलंय तीन आठवडे.
लिंकन, नेब्रास्का. खिडकीला बर्फ,
टाकाच्या टोकाशी शाई घट्ट.

आजीची ही थोरली बहीण.
घरात सगळे म्हणत, नाकासमोर चालणारी मुलगी.
चालली खरी.
नाक विमानाचं होतं एवढंच,
आणि त्यावर एक बाई रंगवलेली:
उघडी पाठ, लाल सँडल,
खाली बाकदार अक्षरांत ‘लाजरी लोरेन’.
सोड्याच्या दुकानाच्या पाट्या रंगवून
हात बसलेल्या कुणा पोराचं काम असावं.
गुडघा त्याला जमलेला नाही.

लोरेन युद्धावर जाऊन आली.
खांद्यापाशी बावीस बॉम्बची ओळ,
शेपटीला ठिगळं.
ओटिलीला समुद्र ओलांडायची परवानगी नव्हती.
तिच्या वाट्याला आली परतलेली विमानं,
खोकणारी, तेल गाळणारी.
मागे दोरीला कापडाची लांब पट्टी बांधून
ती आभाळात सरळ उडत राहायची
आणि खालून नवशिकी पोरं
खऱ्या गोळ्यांनी नेम शिकायची.

पत्रात एकच ओळ:
‘आज वर उणे वीस. उतरल्यावर
विमानावरच्या पोरीला कोट घातला.’
पुढे लगेच बटाट्यांची चौकशी,
आणि कुत्री व्यायली का.

कसला रंग? कुठून आणला?
शिडी होती की पेट्रोलच्या पिंपावर चढली?
कोण हसलं?
मला काहीच माहीत नाही.
मी नुसती दोन चौकटींमधली
पांढरी पट्टी रुंद करत बसते.

नोव्हेंबरात ती पट्टी ओढताना पडली.
सैनिक नव्हती कागदोपत्री,
म्हणून झेंडा नाही, बिगूल नाही,
पेटीचं रेल्वेभाडंसुद्धा नाही.
बराकीतल्या मुलींनी टोपी फिरवली.
ते पान मी एका बैठकीत काढलं:
टोपीचं अस्तर, नाणी,
एक चुकून पडलेलं बटण.

काल प्रकाशकाचा फोन.
भला माणूस आहे, दोनदा खोकला.
म्हणाला, मुखपृष्ठावर लोरेनच हवी,
पण बघ, दुकानात लांबून दिसायला हवं,
तेवढा कोट काढ.

काढते, म्हटलं.

आणि काढला.
आधी कॉलर, मग मेंढीच्या लोकरीचं अस्तर,
बाह्या जरा लांबच, मागून घेतलेल्या वाटाव्यात अशा.
गुडघ्याच्या वर थांबले.
तो वाकडा गुडघा
दिसू दे.