प्रत क्रमांक चौदा

पुठ्ठ्याच्या आत निळा शिक्का असतो :
नाव. वर्ष. स्थिती.
स्थितीच्या खाली चारच शब्द चालतात,
नवी, चांगली, बरी, वाईट.

मी काउंटीच्या शाळांची पुस्तकं दुरुस्त करते.
गोंद, दोरा, मेण, हाडाची पट्टी,
एकतीस वर्षं, जॉर्जियातल्या याच तळघरात.
आज टेबलावर ती थोर कादंबरी आहे
जी वाचल्याशिवाय इथं दहावीतून कुणी वर जात नाही.

पहिलं नाव वेंडेल स्ट्रिकलंड, एकोणपन्नास साल, नवी.
मग पाच गोरी नावं, मग तिरपा शिक्का : बाद.
बाद झाल्यावरच ती रूळ ओलांडून आमच्या शाळेत आली.
आमच्यातलं पहिलं नाव ओडेसा प्रुइट.
स्थिती : वाईट.
पुस्तकाची, म्हणजे.

जुनं पुस्तक आपणहून उघडतं
जिथं लोक जास्त वेळ अडकलेले असतात.
हे उघडतं पान एकशे बाराला.
तिथं तो शब्द आहे. एका पानात नऊ वेळा.
कुणी तो ब्लेडनं खरवडलाय, कागदाला भोक पडेपर्यंत;
भोकातून पुढच्या पानावरचा तोच शब्द दिसतो.
कुणी पेन्सिलीनं वर लिहिलंय, ‘मिस्टर’.
कुणी काहीच केलं नाही, फक्त अंगठा ठेवला.
समासाशी बदामाएवढा तेलकट डाग आहे,
एकावर एक किती अंगठे, मोजता येत नाहीत.

त्या पानावरच्या नोकराला आडनाव नाही.
तो हसतो, घाबरतो, मालकाच्या पोराला पुरातून ओढून काढतो,
पुढं त्याचं काय झालं
हे लिहिणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.
त्याचं बोलणं मोडक्या अक्षरांत छापलंय.
पोरगंही बोलायला शिकलं त्याच स्वयंपाकघरात,
त्याच्याच बायकोच्या मांडीवर,
पण पोराचे शब्द इस्त्री करून ठेवलेत.

नदीवरचं धुकं मात्र सुरेख लिहिलंय. खोटं कशाला बोलू.
सुई हातात धरून मी ते दोनदा वाचलं.
पुस्तक टाकाऊ असतं
तर काम सोपं होतं.

रेघा संपल्या म्हणून कुणीतरी कागदाची पट्टी डकवलीय,
तिच्यावर शेवटचं नाव इमानी. माझी नात.
बाईंनी तिला चांगल्या मनानं विचारलं होतं,
मोठ्यानं वाचलं तर तुला चालेल ना?
सत्तावीस माना वळल्या.
चालेल, म्हणाली. दुसरं काय म्हणणार?
तिच्या स्थितीखाली चारांतला एकही शब्द नाही.
तिनं लिहिलंय : वाचली.
प्रत, की पोर,
हे मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हाचा काळच तसा होता, बाई म्हणाल्या.

मार्चमध्ये घराची किंमत ठरवायला एक माणूस आला.
सभ्य होता, पायपुसण्यावर बूट पुसून आत आला.
भिंतीवर माझा लुशियस, टपालखात्याच्या गणवेशात.
त्यानं लुशियसकडं बघितलं, मग छताकडं,
आणि लिहिलं : स्थिती बरी.
मे महिन्यात आम्ही दुसरा माणूस बोलावला.
आधी फोटो उतरवले. लुशियसला गादीखाली ठेवलं.
केसांच्या तेलाच्या बाटल्या गाडीच्या डिकीत,
आणि सोफ्यावर शेजारच्या मिसेस लिंडक्विस्ट,
हातात माझाच कप, माझ्याच घराच्या मालकीण.
एक्क्याण्णव हजार डॉलर वाढले.
छप्पर तेच. न्हाणीतला नळ अजून तसाच गळतो.
माणूस गेल्यावर त्या बिचाऱ्या रडल्या,
मग मलाच त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं.

फोटो परत लावताना बघितलं,
भिंतीवर त्यांच्या जागा उजळ राहिल्या होत्या.

नियम असा, की भोकावर पातळ कागद डकवावा
आणि गेलेला शब्द वर बारीक हातानं लिहावा.
मी कणा शिवला, कोपरे बसवले,
पान एकशे बारा होतं तसं राहू दिलं.
ऑगस्टमध्ये शाळा उघडेल.
पुढचं नाव कुणाचं, मला ठाऊक नाही.
अंगठा कुठं ठेवायचा,
ते पान सांगेल त्याला.