सात डावा, आठ उजवा

हुबळीहून आलेला पोरगा नम्र होता.
चहा नको म्हणाला, मग प्याला,
आणि लॅपटॉप ठेवायला जागा करताना
पलंगावरचा चपलांचा ढीग
देव हलवावेत तसा, दोन्ही हातांनी सरकवला.

म्हणाला, मॅडम, ठेवणावळ महिन्याला जोडामागे साडेतीन,
उचलून, बांधून, चिठ्ठी लावून बावीस,
परत आलेला जोड तपासायचे नऊ.
तुम्ही फक्त माल बनवा. बाकीचं विसरा.

विसरा.
किती दिवसांनी कुणीतरी हा शब्द माझ्यापुढे ठेवला
आणि नेमका त्याचाच दर सांगितला नाही.

तो गेल्यावर खोक्याच्या पाठीवर हिशेब मांडला.
माझी रात्र कुठल्या रकान्यात घालावी, कळेना.
दिवाळीआधी तीनशे सोळा ऑर्डरी,
त्यातल्या एकोणीस भलत्याच घरी.
नाशिकच्या नवरदेवाला दोन्ही डाव्या.
त्याची आई फोनवर ओरडली नाही,
नुसती गप्प राहिली. ते जास्त लागलं.
जुलैत सोप्यात बुरशी, पांढरी, मऊ,
चामड्यावर साय धरावी तशी.
आणि पुण्याच्या त्या बाई: चपला सुंदर आहेत हो,
पण तंबाखूचा वास कसला येतो?
बाई, निपाणीत तो वाऱ्यालाच येतो,
माझ्या पोरीच्या वह्यांना येतो.
हुबळीच्या गोदामात म्हणे हवा गाळून घेतात.

दुंडाप्पा हे ऐकत नव्हता, म्हणजे ऐकत होता.
त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
नंबर तो अंगठ्यानं वाचतो.
चप्पल कानाशी धरून वाकवतो:
करकरली तर खोक्यात,
नाही तर काशव्वाकडे परत,
अथणीच्या बसमधून, कंडक्टरच्या ओळखीनं.
पत्ता मराठीत असो, कन्नडात असो,
पिनकोडावरून गाव सांगतो,
आणि सांगलीचं खोकं हाती आलं की विचारतो,
"त्या मास्तरांचं नव्हे काय?"

मास्तरांचा एक पाय लहान.
सात डावा, आठ उजवा.
दर वर्षी आम्ही दोन जोड फोडतो
आणि एकाचे पैसे घेतो.
उरलेला आठ डावा, सात उजवा
फळीवर जातो. चार वर्षांचे चार.

असं जमेल का, मी त्या पोराला विचारलं होतं.
त्यानं बरंच काही टाइप केलं, मग म्हणाला,
सिस्टीममध्ये जोड म्हणजे एक वस्तू, मॅडम.
तिला डावं-उजवं नसतं.

मग नकोच, असं मी म्हणणार होते.
रात्री साडेअकराला, एकविसाव्या खोक्यावर,
पोर झोपेतच बोलली,
आई, ती टेप फाडायची थांबव ना.
खरं सांगायचं तर
त्या फर्र आवाजावर ठरलं. हिशेबावर नाही.

साधे नंबर, दोनशे जोड, तीन महिने.
कागदावर सही करताना
पेन दोनदा अडलं. शाई होती त्यात.

टेम्पो आला तेव्हा दुंडाप्पानं
प्रत्येक जोड कानाशी धरायला सुरुवात केली.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
चाळीसपर्यंत त्यानं ऐकलं,
मग खोकी नुसतीच हातोहात गेली.
हायवेच्या पुलाखाली टेम्पो वळेपर्यंत बघत राहिला.
"होगली बिडु," म्हणाला,
मला की त्या एकशेसाठांना, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा नऊला हजर.
सोपा केवढा मोठा झाला होता.
त्यात मधोमध बसून
त्यानं फळीवरचे ते चार जोड काढले,
तेलाच्या फडक्यानं पुसले, वाकवले, ऐकले.

काय करुलायस, मी विचारलं.

"असंल की कुठंतरी," तो म्हणाला,
"उलटा मास्तर."