पाण्यात पाहणारे

ऑस्लाने वहीत लिहिलं ते असं:
उंची साडेपाच फूट. बळ बेताचं, चिकाटी अठरा.
जमिनीवर चालण्याचा वेग निम्मा,
आणि दर तीन तासांनी अंग भिजवावं लागतं, नाहीतर
तोंडचं पाणी पळतं, अगदी शब्दशः,
आणि एकेक प्राणांक गळत जातो.

नाव ठरेना.
बाहेर उन्स्ट बेटावर साडेतीनलाच काळोख,
वाऱ्यामुळे फेरीबोट रद्द,
म्हणजे रॅस्मीला सुट्टी, म्हणजे आज आम्ही चौघे पूर्ण.
सभागृहाच्या हीटरवर कुणाचे तरी मोजे.
मी बुटका लोहार. तीन हिवाळे तोच आहे,
मला सारखं नवं काही व्हावंसं वाटत नाही.

रॅस्मी म्हणाला, मी ह्यांच्यातला होतो.
यागोदा हसली, मग मीही.
बावीस वर्षं हा माणूस बोटीवर दोर फेकतोय
आणि त्याला पोहता येत नाही.
बापाला येत नव्हतं, आज्याला नव्हतं;
समुद्राने मागितलंच तर घासाघीस करू नये
असं त्यांच्या घरात मानतात.

"ह्यांना भीती कशाची वाटते?" त्याने विचारलं.
ऑस्लाने पेन्सिल चावली.
"आभाळाची. त्याला तळ नाही."
आणि मग ती लिहीतच सुटली:

ह्यांच्या भाषेत बुडणे हे क्रियापद नाही.
डोक्यावरून पाणी गेलं, म्हणजे सगळं ठीक चाललंय.
एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे त्याच्यावर जीव जडणं;
लग्नात तेवढं एकच वचन देतात,
मी तुला पाण्यात पाहीन.
मेलेल्याला वर सोडतात, हळूहळू,
हात पुरेनासा होईपर्यंत.

आणि तळाशी ह्यांना बूट सापडतात.
रबरी, गुडघ्यापर्यंतचे, बहुतेक एकेकटे.
ह्यांना वाटतं, वरची माणसं कात टाकतात,
वाढली की जुने पाय खाली सोडून देतात.
प्रत्येक वस्तीत एक खोली असते बुटांसाठी,
कुणी मागायला आलं तर असावेत म्हणून.

केटल उकळून आपोआप बंद झाली. उठलं कुणीच नाही.
"त्यांना बुटाचा नंबर वाचता येतो?" यागोदाने विचारलं.
ती मत्स्यशेतीत उवा मोजते, तिला आकडे लागतात.
"आकडा येतो. अर्थ येत नाही."
"नऊ," रॅस्मी म्हणाला. "डावा.
टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ."

ऑस्लाने विचारलं नाही. तिने नकाशा उलगडला.

तो बूट छातीशी धरून रॅस्मी किनाऱ्यावर आला,
चढणीवर, मेंढवाड्याच्या भिंतीकडेने, निम्म्या वेगाने.
आकाश उघडं. फासा टाकला: चार.
तीन तास झाले. एक प्राणांक गेला. आणखी एक.
यागोदाची वैद्यीण मंत्र म्हणून म्हणून थकली.
तेव्हा माझ्या बुटक्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं,
ओढ्यात बुडवून भरलं
आणि दोन्ही हातांत ते धरून त्याच्या शेजारी चालू लागला,
दर दहा पावलांवर थोडं त्याच्या मानेवर ओतत.
नियमात हे बसतं का, मी विचारलं नाही.

घर आलं. खिडकीत दिवा होता, ऑस्लाने सांगितलं.
रॅस्मीच्या मुठीत फासा. "दार वाजवायला किती लागतील?"
तिने वही चाळली, पुढून मागे, मागून पुढे.
"याला फासा लागत नाही."

दार त्याने वाजवलं नाही.
बूट पायरीवर ठेवला, चवडा आतल्या बाजूला,
घरी आलेला माणूस उभा असावा तसा.
मग म्हणाला, आता चहा टाका कुणीतरी.

सकाळी सहाची बोट वेळेवर सुटली म्हणे.
वहीत नावाच्या जागी अजून नुसती रेघ आहे.
माझ्या पानावर, सामानाच्या यादीत,
शिरस्त्राणापुढे मी पेन्सिलीने लिहिलंय:
ओलं.