पावतीच्या पाठीवर

गाडी चोवीसशे पौंडांची.
विमा एकोणीसशे साठ.
विमावाल्या बाईनं फोनवर वय विचारलं,
वीस म्हटल्यावर ती जराशी थांबली,
रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर थांबतात तशी.

सिव्हिक टाइप आर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
नाव जपानी, जन्म स्विंडनचा.
गिअरचा दांडा खालून नाही, डॅशबोर्डातून पुढे आलेला,
जसा कुणी ओळख करून घ्यायला हात पुढे करावा.
थंडीत तिसरा गिअर कुरकुरतो.
सकाळी नऊच्या भूशास्त्राच्या तासाला मीही कुरकुरते,
मला कुणी दुरुस्तीला नेत नाही.

पेट्रोल तिला महागातलं लागतं.
साधंही चालतं म्हणतात; एकदा घालून पाहिलं,
आणि चढावर मलाच ओशाळल्यासारखं झालं.
ऑइल पिते, हजार मैलांना लिटरभर.
आई म्हणाली, "हेलेद, त्यापेक्षा घोडा पाळला असतास,
लीद तरी वाफ्यांना गेली असती."

अ‍ॅबरिस्टविथच्या किनाऱ्यावर चार संध्याकाळी मासे तळते.
पौंडांत मोजणं सोडलंय आता.
पुढचे दोन टायर म्हणजे सव्वीस तास कढईपाशी.
ब्रेकच्या डिस्क म्हणजे मैत्रिणींबरोबरचं डब्लिन.
सगळे गेले. फोटोत समुद्र होता,
तो तर इथेही आहे,
हिवाळ्यात रस्त्यावर गोटे फेकतो
आणि खारं पाणी गाडीच्या पोटाखाली ठेवून जातो.

वार्षिक तपासणीत टुडरनं दाराखालच्या पत्र्यात
स्क्रूड्रायव्हर टेकवला,
तो आत गेला, नासक्या सफरचंदात जावा तसा.
"चारशे ऐंशी," तो म्हणाला, आणि किटलीकडे बघत राहिला.
मग, "हप्त्यांनी दे."

त्या रात्री कागद शोधताना फाइल सापडली.
आयर्विन प्रॉसर, ऱ्हेयाडर.
सतरा वर्षांच्या पावत्या, तारखेनं लावलेल्या,
आणि प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीनं एक ओळ:

क्लच, सहाशे दहा.
*एलान खोरं. धुकं. खिडक्या उघड्या.*

चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर.
*बालापर्यंत आणि परत. मायर सगळा वेळ झोपली.*

रेडिएटर.
*ट्रेगारोनचा डोंगररस्ता. मायर गात होती, शब्द चुकीचे.*

बॅटरी.
*फक्त इस्पितळ.*

बॅटरीनंतर दीड वर्ष काहीच नाही.
मग एक्झॉस्ट.
*एलान खोरं. खिडक्या बंद.*

शेवटची पावती सर्व्हिसिंगची. पाठ कोरी.
पुढच्या महिन्यात त्यानं गाडी मला विकली.

किल्ली देताना म्हातारा एवढंच म्हणाला होता,
"कुठल्या रस्त्यांनी नेशील?"
मला वाटलं, जपून चालवेन की नाही ते चाचपतोय.
म्हटलं, फक्त कॉलेजला.
"बरं," म्हणाला, आणि टोपी
उगाच एकदा काढून परत घातली.

तिसरा हप्ता फेडला त्या दिवशी खात्यात सात पौंड उरले.
सात पौंडांत ब्रेड, अंडी, चहा, गुरुवारपर्यंत.
किंवा पोन्टरविड, जाऊन येऊन.

शहर सुटलं.
सहा हजार फेऱ्यांना इंजिनाचा आवाज बदलतो,
खालच्या माणसाच्या खांद्यावर चढून
दुसराच कुणी ओरडू लागतो.
मीही ओरडले. काय, ते आठवत नाही.
मेंढ्यांनी मान वर केली
आणि चरायला लागल्या.

परत येऊन टुडरची पावती उलटी केली.
पेन्सिल नव्हती; दुकानातलं तेलकट बॉलपेन,
दोनदा गिरवावं लागलं:

*पोन्टरविड. पाऊस. खिडक्या उघड्या.*

तिसरा गिअर दोनदा कुरकुरला.
ते लिहिलं नाही.